दमा आणि टीएलआर-४ : एंडोटॉक्सिनच्या मात्रेचा वाद

१९९० च्या दशकात दम्याची चर्चा आयजीई हे ॲलर्जीतले प्रतिपिंड आणि ॲलर्जीला चालना देणाऱ्या टीएच-२ या प्रतिकार-पेशींभोवतीच फिरत होती. फळमाशीतले टोल जनुक तिला बुरशीपासून वाचवते हे १९९६ मध्ये कळले आणि पुढच्याच वर्षी माणसात त्याचे भावंड सापडले, तेच टीएलआर-४ : जंतूंची चाहूल घेणारा पेशींवरचा रिसेप्टर. जिवाणूंच्या आवरणातले एंडोटॉक्सिन टीएलआर-४ मार्फत ओळखले जाते, हे १९९८ मध्ये उंदरांवरून सिद्ध झाले.

खरा गुंता २००२ मध्ये सुरू झाला. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधल्या ग्रामीण भागातील मुलांच्या गादीच्या धुळीत एंडोटॉक्सिन जितके जास्त, तितका ॲलर्जिक दमा कमी आढळला. बालपणी जंतूंशी संपर्क कमी झाल्याने ॲलर्जी वाढते, या १९८९ पासून मांडल्या जाणाऱ्या स्वच्छता-सिद्धांताला यामुळे बळ मिळाले आणि ‘धूळ मुलांना चांगली’ हा सोपा अर्थ लोकांपर्यंत पोचला. ॲलर्जीशी संबंध नसलेल्या घरघरीवर मात्र एंडोटॉक्सिनचा तसा परिणाम त्याच अभ्यासात दिसला नव्हता, ही गोष्ट मागे पडली. कापूस गिरण्यांतल्या कामगारांची छाती भरून येण्यामागे कापसाच्या धुळीतले एंडोटॉक्सिन हे एक मोठे कारण आहे, आणि मुंबईच्या गिरण्यांनीही हा आजार पाहिला आहे. दमा आधीच जडला असेल तर हेच एंडोटॉक्सिन तो वाढवते. म्हणून त्या सोप्या अर्थाने पालकांची दिशाभूल झाली, असेच म्हणावे लागते.

२००२ मधल्याच उंदरांवरील एका प्रयोगाकडे तेव्हा अधिक लक्ष जायला हवे होते. अंड्यातल्या प्रथिनासोबत अगदी थोडे एंडोटॉक्सिन नाकावाटे दिले, की टीएच-२ प्रतिसाद म्हणजे ॲलर्जी उभी राहिली. मात्रा वाढवली, की प्रतिसाद टीएच-१ या ॲलर्जी नसलेल्या प्रकाराकडे झुकला. टीएलआर-४ निकामी असलेल्या उंदरांत कमी मात्रेने ॲलर्जी झालीच नाही. रिसेप्टर एकच, पण मात्रेनुसार परिणाम उलटे.

२००९ मध्ये दोन धागे जुळले. धुळीतल्या माइट या सूक्ष्म किड्याचे एक प्रमुख ॲलर्जन (ॲलर्जी उठवणारे प्रथिन) टीएलआर-४ च्या सहायक प्रथिनासारखे वागते, आणि उंदरांत माइटविरुद्धची ॲलर्जी उभी राहायला श्वासनलिकेच्या अस्तरातला टीएलआर-४ लागतो. म्हणजे अस्तर ही नुसती भिंत नव्हती. २०१५ मध्ये गोठ्यातल्या धुळीचे संरक्षण अस्तरातल्या ए-२० या दाह आवरणाऱ्या प्रथिनावर अवलंबून असल्याचे दिसले. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अमिश आणि हटराइट या शेती करणाऱ्या दोन धार्मिक समुदायांतल्या मुलांची तुलना झाली. वंश आणि राहणी जवळची, पण दम्याचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ५ आणि २१ टक्के. पारंपरिक शेती करणाऱ्या अमिश घरांच्या धुळीत एंडोटॉक्सिन हटराइट घरांच्या सुमारे ७ पट होते. टीएलआरचे संदेश पुढे नेणारी मायडी-८८ आणि ट्रिफ ही दोन्ही प्रथिने नसलेल्या उंदरांना त्या धुळीपासून संरक्षण मिळाले नाही.

औषधांत मात्र हे ज्ञान अजून थेट उतरलेले नाही. टीएलआर-९ हा त्याच कुटुंबातला रिसेप्टर चेतवणारे, श्वासावाटे घेण्याचे औषध दम्यावरील चाचणीत अपयशी ठरले. २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले टेझेपेलुमॅब हे दम्याचे औषध टीएलआर रिसेप्टरला हात लावत नाही, ते अस्तरातून सुटणारा टीएसएलपी हा संदेश अडवते.