माळ्यावरची बाटली आणि साच्याची रेघ

कोकणातलं जुनं घर विकायला काढलं की माळ्यावरून मोडकी पेटी आणि काचेच्या बाटल्या खाली येतात. पेटी चुलीत जाते. बाटल्यांना हल्ली गिऱ्हाईक मिळतं, आणि ‘शंभर वर्षांपूर्वीची, विलायती’ म्हटलं की भाव चढतो.

विकणाऱ्याचं ऐकण्याआधी बाटलीच्या बुडापासून तोंडापर्यंत बोट फिरवा. साच्याच्या दोन भागांच्या जोडाची बारीक रेघ हाताला लागते. ती मानेवर येऊन विरली, तर तोंड बहुधा कारागिराने पुन्हा तापवून हाताने घडवलेलं. थेट ओठावर चढली, तर बाटली यंत्राची. अमेरिकेत मायकेल ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमाराचं, म्हणजे यंत्राची बाटली त्याआधीची असणं कठीण.

गोटीच्या बाटलीला मात्र ही कसोटी लावू नका. हायरम कॉडने तिचं पेटंट १८७२ मध्ये घेतलं. रुंद तोंडातून गोटी आत टाकायची, मग तोंड तापवून आवळायचं. सोड्यातला वायू गोटीला वरच्या रबरी कड्याशी दाबून धरतो. पण तशा बाटल्या आजही बनतात, तेव्हा गोटी वाजली म्हणून बाटली जुनी ठरत नाही.

हिरवट झाक वाळूतल्या लोहाची. (सिंधुदुर्गातल्या कासार्ड्याच्या खाणीतली सिलिका वाळूही काचेसाठीच वाखाणली जाते.) ती झाक घालवायला पूर्वी मँगनीज घालत. अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की फिकी जांभळी होते. गडद जांभळी दिसली तर सावध व्हा, हा रंग किरणांचा मारा करून मुद्दाम आणताही येतो.

सगळ्यात फसवा तो धुरकट थर. आमच्याकडची एक औषधाची बाटली मी राखेने खसाखसा घासली होती. मळ गेला नाहीच, वर ओरखडे उठले. कारण तो मळ नव्हताच. पावसाळ्याच्या दमट हवेत पाणी काचेतला सोडियम हळूहळू ओढून घेतं, मागे सिलिकाचे पातळ पापुद्रे उरतात. त्यांच्यावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि कालवाच्या शिंपल्याच्या आत दिसते तशी रंगांची झिलई चमकते. पापुद्रा निघाला की खालची काच पुन्हा उघडी पडते. म्हणून आता मी मऊ कापडाने नुसती धूळ टिपतो, आणि बाटली माळ्यावर न ठेवता माजघरातल्या कोरड्या फडताळात ठेवतो.