नवे आउटपुट ट्रान्झिस्टरही लगेच का उडतात?

स्टीरिओ पॉवर ॲम्प्लिफायरचा एक चॅनेल बंद पडतो. तपासल्यावर आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट निघतात, ते बदलले जातात आणि मशीन चालू करताच नवी जोडीही उडते. हे टाळायचं असेल तर सर्किटची साखळी समजून घ्यावी लागते.

सिग्नल आधी दोन ट्रान्झिस्टरच्या डिफरन्शियल जोडीकडे येतो. आउटपुटवरून फीडबॅकने परत आलेला अंश आणि मूळ सिग्नल यांतला फरक ही जोडी काढते. पुढचा ट्रान्झिस्टर त्या फरकाचं व्होल्टेज वाढवतो, आणि ड्रायव्हर (आउटपुट ट्रान्झिस्टरला चालवणारा ट्रान्झिस्टर) व आउटपुट ट्रान्झिस्टर स्पीकरला लागणारा करंट पुरवतात. प्रत्येक ट्रान्झिस्टरला तीन टोकं असतात: बेस, कलेक्टर आणि एमिटर. बेसवरून कलेक्टर-एमिटरमधला करंट ठरतो. या टप्प्यांच्या मध्ये कुठेही कपॅसिटर नसतो, सगळे एकमेकांना थेट जोडलेले असतात. त्यामुळे ड्रायव्हर शॉर्ट राहिला असेल, तर नव्या ट्रान्झिस्टरचा बेस सरळ सप्लायवर जातो आणि त्यातून पूर्ण करंट वाहू लागतो. आउटपुट ट्रान्झिस्टर गेला की ड्रायव्हर, बेसचे रेझिस्टर आणि एमिटरचे ०.२२ किंवा ०.३३ ओहमचे रेझिस्टर तपासलेच पाहिजेत.

हात घालण्याआधी पॉवर सप्लायचे मोठे फिल्टर कपॅसिटर रिकामे करा. ५० व्होल्टला भरलेल्या १०,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये १२.५ ज्यूल ऊर्जा असते. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. १०० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर पाच-सहा सेकंद लावा आणि मीटरने खात्री करा.

आता मीटर डायोड रेंजवर ठेवा. चांगल्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर जंक्शन एका दिशेने साधारण ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवतं. कलेक्टर-एमिटर दोन्ही दिशांनी शून्याजवळ असेल तर तो शॉर्ट समजा. शंका असल्यास बाहेर काढून पुन्हा मोजा. स्टीरिओ मशीनची मोठी सोय म्हणजे दुसरा, चालू चॅनेल. तोच बिंदू दोन्हीकडे मोजत गेलात, की सर्किट डायग्राम हाताशी नसतानाही बिघाड सापडतो.

पार्ट बदलल्यावर मेनच्या वायरला ६० किंवा १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावूनच चालू करा. एलईडी बल्ब इथे चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट शिल्लक आहे. बल्ब असल्यामुळे नवे ट्रान्झिस्टर बहुधा वाचतात.

स्पीकर अजून लावू नका. आधी आउटपुटवरचं डीसी मोजा: काही मिलिव्होल्ट उत्तम, पन्नासच्या वर गेलं तर कारण शोधा. फीडबॅक शाखेतला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळका असेल तर आउटपुटवरचं हे नको असलेलं डीसी वाढतं. आउटपुट सप्लायला चिकटलं, समजा ३० व्होल्ट, तर ८ ओहमच्या स्पीकरमध्ये ११२ वॅट डीसी जातं आणि कॉईल जळते.

मग बायस. ही सिग्नल नसतानाची थोडीशी करंट. ती फार कमी असेल तर आवाज हळू असताना विकृती ऐकू येते, फार जास्त असेल तर ट्रान्झिस्टर तापतात. तापले की बेस-एमिटर व्होल्टेज दर अंश सेल्सियसला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं, करंट आणखी वाढते, उष्णता आणखी वाढते. हे चक्र रोखायला बायस ठरवणारा ट्रान्झिस्टर हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर) बसवतात, म्हणजे तोही तापतो आणि बायस खाली आणतो. दुरुस्तीत तो सुटा राहिला की नवी जोडी उडणार. बायसचा जुना प्रीसेट (बायस कमी-जास्त करायचा छोटा बदलता रेझिस्टर) हाही दगा देतो. त्याचा सरकता संपर्क बायसच्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर-बेस बाजूला असून तुटला, तर बायस कमाल होते. असा प्रीसेट बदललेलाच बरा.

बल्ब लावून पहिल्यांदा चालू करण्याआधीच प्रीसेट किमान बायसवर आणा. बल्ब मंद राहिला की तो काढून पंधरा मिनिटं मशीन गरम होऊ द्या आणि एका एमिटर रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजा: ०.२२ ओहमवर १० मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे ४५ मिलिॲम्पियर. नेमका आकडा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलचाच घ्या.

बायस बरोबर असूनही सिग्नलशिवाय हीटसिंक तापत असेल, तर आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरसोबत सिरीजमध्ये असलेला १० ओहमचा रेझिस्टर पाहा. तो काळवंडला असेल, तर ॲम्प्लिफायर कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट होत असावा. बदललेले ट्रान्झिस्टर मूळ नंबरचेच आहेत का, हे तेव्हा सर्वांत आधी तपासा.