रीफ टाकीतील शिकारी कृमी

रीफ टाकीतील शिकारी कृमी : खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयात दगडांबरोबर किंवा प्रवाळाच्या तुकड्यांबरोबर नकळत येणारे आणि तिथले प्रवाळ, शिंपले, गोगलगाई, क्वचित मासेही खाणारे कृमी. यांत दोन अगदी वेगळे गट येतात : अंगावर वळ्या आणि केस असणारे वलयी कृमी, आणि पानासारखे चपटे कृमी. एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून हातात चिमटा किंवा औषध घेण्याआधी समोरचा किडा कोणता, हे ठरवावे लागते.

सांगली-साताऱ्याला समुद्र नाही. टाकीतले पाणी आरओच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम कृत्रिम समुद्री मीठ घालून तयार होते, त्यातून कृमी येत नाहीत. ते येतात दगडातून. कराडहून कुंभार्ली घाट उतरून गुहागरला किंवा सांगलीहून आंबा घाटाने रत्नागिरीला सहलीला गेलेला माणूस छिद्रे असलेला ओला दगड उचलून टाकीत टाकतो आणि तिथून गोष्ट सुरू होते. शिवाय समुद्रात भित्ती (रीफ) बांधणारे सगळे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावरचा मेलेला तुकडासुद्धा घरी आणता येत नाही. पूर्ण वाळलेला कोरडा दगड वापरून टाकी उभी केली तर निम्मी लढाई तिथेच संपते. टाकी मुरायला, म्हणजे उपयोगी जिवाणू वाढून पाणी स्थिरावायला, दोन-तीन महिने जास्त लागतात, ते सोसावेत.

दिवे गेल्यावर टॉर्च मारला की फटीतून गुलाबी-तपकिरी, दोन्ही कडांना पांढऱ्या केसांचे झुपके असलेला किडा सरकताना दिसतो. पहिली ऊर्मी त्याला मारायची येते. बहुतेक वेळा तो युरिथो जातीचा किंवा त्याच्या जवळचा ब्रिसल वर्म असतो : सडका माल खाणारा, टाकीचा सफाई कामगार. मेलेल्या माशावर तो दिसला म्हणून मासा त्याने मारला असे होत नाही. त्यांची संख्या एकदम वाढली असेल तर खाणे जास्त पडते आहे एवढाच त्याचा अर्थ. खाणे निम्मे केले की संख्या आपोआप उतरते. त्याचे केस मात्र काचेच्या तंतूंसारखे बोटात मोडतात आणि दिवसभर आग होते. उघडा हात घालू नये. केस घुसलेच तर चिकटपट्टी लावून उपटून काढावेत, चोळू नयेत.

खरी भीती युनिस कुळाची. यातला सर्वांत मोठा बॉबिट वर्म समुद्रात तीन मीटरपर्यंत वाढतो. २००९ मध्ये इंग्लंडमधील न्यूकी येथील मत्स्यालयात प्रवाळ कुरतडले जाऊ लागले आणि मासे जखमी होऊ लागले. टाकीतले दगड एकेक करून काढल्यावर सव्वा मीटरचा असा कृमी निघाला. ओळखण्याची खूण डोक्यावर आहे : पाच स्पृशा (मिशांसारखे अवयव), आणि तपकिरी-जांभळ्या अंगावर तेलाच्या तवंगासारखी इंद्रधनुषी झळाळी. युनिस कुळातले सगळेच मांसाहारी नसतात, पण बोटापेक्षा लांब वाढलेला ठेवू नये. नारिंगी रंगाचा, गुळगुळीत, भरपूर चिकट स्राव सोडणारा ओनोनी हा दुसरा. गोगलगाईंचे शंख रिकामे आणि बुळबुळीत सापडू लागले की त्याचाच संशय घ्यावा.

पकडण्यासाठी आधी त्याचे बीळ शोधायचे. दिवे बंद करून दोन तास थांबावे, टॉर्चच्या तोंडाला लाल जिलेटिन कागद बांधावा आणि कोळंबीचा तुकडा लांब चिमट्याने दगडांजवळ धरावा. कृमी झेप घेतो, तुकडा ओढतो आणि क्षणात आत जातो. ते भोक लक्षात ठेवून सकाळी तेवढाच दगड अलगद बादलीत उचलावा. त्यावर प्रवाळ नसेल तर दुप्पट खारे पाणी, म्हणजे लिटरला ६५ ते ७० ग्रॅम मीठ, हा सर्वांत खात्रीचा उपाय. काही मिनिटांत कृमी, खेकडे, सगळेच बाहेर पडतात. दगडातले स्पंज वगैरे यात मरतात, म्हणून तो लगेच परत टाकू नये. वेगळ्या बादलीत पंप लावून अमोनिया शून्य येईपर्यंत ठेवावा. दगडावर प्रवाळ असेल तर तो टाकीबाहेर धरून सिरिंजने बिळात साधे सोडा वॉटर सोडावे. कृमी अर्धा बाहेर आला की चिमट्याने धरून सावकाश ताण द्यावा. हिसका दिला की तो तुटतो, आणि डोक्याकडचा भाग आत राहिला तर तो मागचे अंग पुन्हा वाढवतो. भोक सुपरग्लूच्या जेलने बुजवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण बिळाला बहुधा दुसरे तोंड असते.

चपट्या कृमींत ॲक्रोपोरा हे फांद्यांचे प्रवाळ खाणारा सर्वांत वाईट. शास्त्रात त्याची नोंद २०११ मध्ये झाली. त्याचा रंग प्रवाळासारखाच असल्याने तो समोर असूनही दिसत नाही. दिसतात ते बुडाकडून फिकट पडत जाणाऱ्या फांदीवरचे मिलिमीटरभर गोल चट्टे. ड्रॉपरने पाण्याचा जोराचा फवारा मारला की पारदर्शक पापुद्रे उडाल्यासारखे कृमी सुटतात. तांबूस-सोनेरी अंड्यांचे पुंजके मेलेल्या, उघड्या पडलेल्या सांगाड्यावर असतात. डिपचे, म्हणजे प्रवाळ काही मिनिटे ज्यात बुडवतात ते, औषध अंड्यांच्या आत जात नाही आणि अंडी फुटायला सुमारे तीन आठवडे लागू शकतात, म्हणून दोन डिपनंतर थांबलेला माणूस महिन्याभराने पुन्हा तिथेच येतो. सगळे ॲक्रोपोरा वेगळ्या टाकीत हलवावेत, अंडी ब्लेडने खरवडावीत, मेलेले बूड तोडून टाकावे आणि दर पाच-सात दिवसांनी निदान सहा वेळा डिप द्यावा. मुख्य टाकी तेवढे सहा-आठ आठवडे ॲक्रोपोराशिवाय ठेवावी; खाद्य नसले की उरलेले उपाशी मरतात. दगडाला चिकटून राहिलेला नखाएवढा ॲक्रोपोरासुद्धा हा सगळा खटाटोप वाया घालवतो.

लाल-तपकिरी प्लॅनेरिया प्रवाळ खात नाहीत, पण त्यावर थर धरून त्याचा उजेड अडवतात आणि मरताना विष सोडतात. आधी चार-पाच दिवस बारीक नळीने शक्य तितके शोषून काढावेत, मगच लेबलप्रमाणे औषध घालावे. विष शोषणारा ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि पाणी बदलायला टाकीच्या तिसऱ्या हिश्शाइतके खारे पाणी आदल्या दिवशीच तयार हवे. औषध चालू असताना प्राणवायू घटतो. त्या दिवशी वीज गेली तर टाकी हातची जाते. बॅटरीवरचा एअर पंप नसेल तर औषध घालूच नये.

परदेशात इमिडाक्लोप्रिड असलेल्या बागेच्या कीटकनाशकाचा डिप वापरतात. तासगाव-मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात हे औषध प्रत्येक कृषी सेवा केंद्रात मिळते, त्यामुळे मोह होतो. पण शेतीच्या बाटलीतले इतर घटक वेगळे असतात आणि त्याचा एखादा थेंबही टाकीतल्या कोळंबी-खेकड्यांना पुरतो. जनावरांच्या जंताच्या औषधाचेही तसेच : टाकीत ओतले तर वाळूतले सगळे कृमी एकाच वेळी मरतात, कुजतात आणि अमोनिया चढतो.

सिक्स-लाइन रास किंवा यलो कोरिस हे मासे लहान कृमी टिपतात. मोठ्या युनिसपुढे त्यांचा उपयोग नाही.

मुंबई-पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलेले पार्सल सकाळी थेट टाकीत सोडू नये. पाण्याचे तापमान जुळल्यावर तुकडा ज्या बुडख्यावर चिकटवला आहे तो कापून टाकावा, पांढऱ्या टबात लेबलवर दिलेली मिनिटे डिप द्यावा, मधूनमधून ड्रॉपरने फवारा मारावा आणि दोनदा स्वच्छ खाऱ्या पाण्यात धुवावा. टबातले पाणी बेसिनमध्ये ओतण्याआधी तळाशी काय पडले आहे, ते भिंगाने पाहावे.