डेथ वॉबल

डेथ वॉबल : पुढे सॉलिड अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा, असलेल्या मोटारगाडीची पुढची चाके वेगात असताना एकाएकी डावी-उजवीकडे जोराने फडफडू लागणे. स्टेअरिंग हातातून निसटू पाहते, डॅशबोर्ड खडखडतो, आणि गाडीचा वेग बराच उतरल्याशिवाय हा प्रकार थांबत नाही. बहुधा ताशी 70 ते 90 किमी वेगाला एखादा खड्डा किंवा पुलाचा सांधा लागला की सुरुवात होते. हे भेदक नाव अमेरिकेतील जीपवाल्यांमध्ये रुळले. जीप रँग्लर आणि 1984 ते 2001 या काळातली चेरोकी या गाड्यांना सस्पेंशन लिफ्ट, म्हणजे गाडी उंच करणारे भाग, बसवल्यानंतर ही तक्रार हमखास ऐकू येते. मात्र लिफ्ट हे क्वचितच एकटे कारण असते. सांध्यांमधली आधीचीच ढिलाई लिफ्टमुळे उघडी पडते, असाच बहुतेक वेळा अनुभव येतो.

स्टेअरिंगची प्रत्येक थरथर म्हणजे डेथ वॉबल नव्हे, आणि निदानातली पहिली चूक इथेच होते. ठरावीक वेगाला हळूहळू येणारी आणि वेग वाढवला की विरणारी थरथर बहुधा चाकाच्या बॅलन्सिंगची असते. लिफ्टनंतर 33 किंवा 35 इंच व्यासाचे मोठे टायर घातले असतील तर हा संशय आधी घ्यावा. गाडी सरळ रेषेत न राहता भरकटते, सारखे स्टेअरिंग सावरावे लागते, तेव्हा बहुधा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन, कमी झालेला असतो. खड्ड्यावरून जाताना स्टेअरिंग एका बाजूला झटका देते, पण लगेच शांत होते, त्याला बंप स्टिअर म्हणतात. खरा डेथ वॉबल एका धक्क्यातून पेटतो आणि मग धक्का संपला तरी चालूच राहतो.

हे कंपन स्वतःच स्वतःला पोसते. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचे पुढचे चाक जोरात ढकलल्यावर फडफडते, तोच हा प्रकार. टायर बाजूला दबतो आणि परत उसळतो, त्यात गाडीच्या वेगातली ऊर्जा दर फेरीला कंपनाला मिळत राहते. सॉलिड अ‍ॅक्सलमध्ये भर पडते ती गायरोस्कोपी परिणामाची : एक चाक वर उचलले गेले की अख्खा अ‍ॅक्सल कलतो, फिरती चाकेही त्याबरोबर कलतात आणि या कलण्यामुळे ती आपोआप वळू पाहतात. वळल्यामुळे अ‍ॅक्सल पुन्हा कलतो. 1920च्या दशकात मोटारींचे वेग वाढले, तेव्हा अभियंत्यांना याच गोष्टीने हैराण केले होते. त्या काळच्या एका नाचावरून तिला ‘शिमी’ म्हणत. फ्रेंच अभियंता ब्रुलिए यांनी 1925 मध्ये तिची मीमांसा केली. 1934 मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेतील आपल्या गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेंशन दिले. त्यामागे आरामाइतकाच या शिमीचाही त्रास होता. दगडधोंड्यांच्या वाटेसाठी मजबूत सॉलिड अ‍ॅक्सल जिथे टिकून राहिला, तिथे जुने दुखणेही टिकले.

लिफ्टमुळे काय बिघडते ते कॉइल स्प्रिंगच्या रँग्लरवर नीट दिसते. अ‍ॅक्सलला आडवे सरकू न देणारा ट्रॅक बार एका टोकाला चासीला आणि दुसऱ्या टोकाला अ‍ॅक्सलला बांधलेला असतो. गाडी उंच केली की तो अधिक तिरपा होतो आणि अ‍ॅक्सल चासीकडच्या टोकाच्या बाजूला ओढला जातो. ट्रॅक बार आणि ड्रॅग लिंक (स्टेअरिंगची हालचाल चाकाकडे नेणारा दांडा) एकमेकांना समांतर असाव्यात, हा इथला मूळ नियम. पिटमन आर्म (स्टेअरिंग बॉक्सला लागून ड्रॅग लिंक हलवणारा हात) खाली घेतला आणि ट्रॅक बार होता तिथेच ठेवला, तर हा नियम मोडतो. उंची वाढल्यावर कंट्रोल आर्म, म्हणजे अ‍ॅक्सलला पुढे-मागे धरून ठेवणारे दांडे, अ‍ॅक्सलला मागे ओढत फिरवतात आणि कॅस्टर घटतो. रँग्लरच्या जुन्या टीजे पिढीत तो मुळात सुमारे 7 अंश, तर नंतरच्या जेके पिढीत 4 अंशांच्या किंचित वर. तो परत मिळवायला लांबी बदलता येणारे कंट्रोल आर्म लागतात. पण कॅस्टर वाढवला की डिफरन्शियलचे तोंड खाली जाते आणि पुढच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टमध्ये वेगळीच थरथर सुरू होऊ शकते. शिवाय गरजेपेक्षा जास्त कॅस्टरही फडफड वाढवतो.

तपासणीची खरी पद्धत अगदी साधी आहे, आणि म्हणूनच बहुतेक जण ती टाळतात. गाडी जॅकवर न घेता, चाके जमिनीवर ठेवूनच, एकाने इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवत राहायचे. दुसऱ्याने खाली वाकून, एकेका सांध्यावर हात ठेवून बघायचे. बोल्ट आपल्या भोकात हलतो का, बुश (सांध्यातले रबरी अस्तर) दबतो का, बॉल जॉइंट (गोळा-वाटीचा सांधा) उसळतो का, हे हाताला कळते. सुरुवात ट्रॅक बारच्या दोन्ही टोकांपासून करावी. सर्वाधिक वेळा गुन्हेगार तिथेच सापडतो. बोल्ट एकदा ढिला राहून चालला असेल, तर भोक लांबट झालेले असते आणि मग कितीही आवळून उपयोग नाही. त्यानंतर टाय रॉड एंड (दोन्ही चाके एकत्र वळवणाऱ्या दांड्याची टोके), स्टेअरिंग बॉक्स जिथे चासीला बांधला आहे ती जागा, कंट्रोल आर्मचे बुश. मग चाक उचलून टायरला वर-खाली धरून हलवावे, टायरखाली पहार घालून उचकावे. बॉल जॉइंट किंवा बेअरिंगमधला प्ले, म्हणजे ढिलाई, तेव्हा लक्षात येतो. बुश असलेले बोल्ट गाडीचे वजन चाकांवर असतानाच, पुस्तिकेतल्या टॉर्कला आवळायचे असतात. गाडी हवेत असताना आवळले तर बुश पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. पुढचे टायर मागे टाकून बघणे हीसुद्धा फुकटची चाचणी आहे. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर बरे कशाने झाले ते कळत नाही.

आणि स्टेअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टेअरिंगचे हिसके जिरवणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर? तो दणकट घातला की फडफड दबते, म्हणून दुकानदार आधी तोच विकतात. ढिला सांधा मात्र तसाच झिजत राहतो. डॅम्परला अजिबात दोष नसतो असेही नाही : 2019 मध्ये फियाट क्रायस्लरने जेकेनंतरच्या जेएल पिढीच्या रँग्लरचे डॅम्पर मोफत बदलून देण्याची मोहीम काढली होती. पण ज्या गाडीच्या सांध्यांत प्ले नाही, ती डॅम्पर काढूनही फडफडू नये, हा जुन्या मेकॅनिकांचा निकष योग्यच आहे.

भारतात हा प्रश्न मारुती जिप्सी आणि पाच दारांची जिम्नी यांसारख्या, पुढे सॉलिड अ‍ॅक्सल असलेल्या गाड्यांना येतो. 2020च्या महिंद्रा थारला पुढे स्वतंत्र सस्पेंशन आहे. जिप्सीला पुढे पाटे (लीफ स्प्रिंग) असल्यामुळे ट्रॅक बारचा प्रश्नच नाही. तिथे आधी किंगपिन, म्हणजे चाक ज्या खुंटीवर वळते तिचे, बेअरिंग बघावे. शिम (पातळ चकत्या) काढून किंवा घालून बेअरिंगवरचा दाब ठरवतात, आणि नकल (चाक धरणारा वळता भाग) वळवायला किती जोर लागतो ते स्प्रिंगच्या काट्याने मोजतात. जोर कमी लागला तर बेअरिंग सैल. पाट्यांवर उंची वाढवताना बिघडलेला कॅस्टर पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर घालून सुधारतात. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीच्या मूळ तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलांना मनाई करते, ही गोष्ट लिफ्टवाले सहसा पावती फाडल्यानंतर सांगतात.

चालत्या गाडीत फडफड सुरू झालीच, तर स्टेअरिंग घट्ट पण न झुंजता धरावे, अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, करकचून ब्रेक मारू नये आणि वेग उतरवत गाडी कडेला घ्यावी. ती थांबल्यावर सगळे अगदी ठीक वाटते. त्यावर विसंबून पुढे निघू नये, कारण त्या काही सेकंदांत बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड यांना पुन्हा मार बसलेला असतो.