टीबी वॉर्डातला एन-९५ आणि गालाजवळची फट

टीबीचा रुग्ण खोकला की मोठे थेंब जवळच खाली पडतात. बारीक थेंब हवेतच सुकतात आणि त्यांचे एक ते पाच मायक्रॉनचे कण उरतात. बंद खोलीत ते तासन्‌तास तरंगतात. म्हणून रुग्ण एक्स-रेला गेलेला असला, तरी सिस्टरने मास्क खोलीच्या दाराबाहेरच चढवायचा.

सर्जिकल मास्क इथे पुरत नाही. श्वास घेताना हवा सोपी वाट धरते आणि ती वाट गालाजवळच्या फटीतून जाते. हा मास्क रुग्णाच्या तोंडावर हवा, म्हणजे खोकला तिथेच अडतो. एन-९५ ०.३ मायक्रॉनचे, म्हणजे अडवायला सर्वांत अवघड असलेले, किमान ९५ टक्के कण रोखतो. त्याच्या तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो, तोच कण ओढून घेतो. मास्क धुतला किंवा त्यावर स्पिरिट फवारलं की हा भार जातो. मास्क दिसतो नव्यासारखा, गाळतो मात्र कितीतरी कमी.

आधी हनुवटी आत घ्यायची. वरची पट्टी डोक्यामागे उंचावर, खालची कानांखालून मानेवर. अंबाडा असा बांधावा की एकही पट्टी त्यावर टेकणार नाही, नाहीतर सलाईन लावायला वाकताच ती सरकते. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबत खाली न्यायची. एका हाताने चिमटलं की मधे टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट राहते. मग मास्कवर दोन्ही तळवे ठेवून जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांकडे झुळूक लागली तर नाकाची पट्टी पुन्हा बसवायची, गालाकडून लागली तर मागच्या पट्ट्या. हे दर वेळी करायचं, घाईच्या ड्युटीतही. ब्रदरच्या गालावर दाढीचे खुंट असतील तर कितीही घट्ट ओढा, फट राहतेच.

वर्षातून एकदा फिट टेस्ट हवी: डोक्यावर टोप चढवून आत सॅकरिनचा फवारा मारतात. मास्क घालूनही जीभ गोड झाली, तर तो मास्क त्या चेहऱ्याचा नाही. दुसरा आकार किंवा दुसरी बनावट द्यायलाच हवी. आमच्या मते ही चाचणी न करता मास्क वाटणं म्हणजे माप न घेता बूट वाटणं.

काढताना ग्लोव्हज आणि गाऊन आधी. मास्क सर्वांत शेवटी, बाहेर येऊन दार लावल्यावर. आधी खालची पट्टी, मग वरची. पुढच्या भागाला हात लावायचा नाही.

तासाला १२ वेळा हवा बदलणाऱ्या खोलीतले ९९ टक्के कण जायला साधारण २३ मिनिटं लागतात, ६ वेळा बदलत असेल तर ४६. रुग्ण हलवल्यावर लगेच चादर बदलायला आत जाणाऱ्या मावशींनाही एन-९५च द्यायचा.