पीएलसीमधील व्हेरिएबल आणि डेटा टाइप

यंत्र चालवणाऱ्या पीएलसीच्या (प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजे पॅनेलमधला छोटा औद्योगिक संगणक) प्रोग्रॅममध्ये माहितीचा प्रत्येक तुकडा ज्या नावाने साठवला आणि वाचला जातो, त्याला व्हेरिएबल किंवा चल म्हणतात. त्यात कोणत्या जातीचा आणि केवढा आकडा मावेल, हे त्याच्या डेटा टाइपवरून ठरते. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्या व मशीन शॉप, शिवाय जिल्ह्यातले साखर कारखाने, या सगळ्यांच्या पॅनेलांत हा विषय रोजचाच आहे. तरी तो दुर्लक्षित राहतो. कारण टाइप चुकला तरी ट्रायलच्या दिवशी यंत्र बिनतक्रार चालते. गडबड कळते ती काही आठवड्यांनी, तीही बहुधा रात्रपाळीत.

टाइपांची प्रमाण यादी आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोग) या संस्थेच्या ६११३१-३ या मानकात आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९३ मध्ये निघाली. सर्वांत लहान टाइप बूल, म्हणजे एकच बिट: ० किंवा १. लिमिट स्विच, प्रॉक्सिमिटी सेन्सर, कॉन्टॅक्टर अशा फक्त चालू-बंद असणाऱ्या गोष्टी यात बसतात. खोच एवढीच, की स्टॉपचे बटण नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे न दाबता सर्किट जोडलेलेच राहील असे, लावलेले असते. बटण दाबलेले नसताना बिट १ असतो आणि वायर तुटली तरी यंत्र थांबते. अशा बिटाला नुसते ‘स्टॉप’ नाव दिले की पुढचा माणूस हमखास उलटा अर्थ लावतो. ‘स्टॉप_ओके’ हे नाव बरे.

पूर्णांकांसाठी इंट हा टाइप १६ बिटांचा असून त्यात −३२,७६८ ते ३२,७६७ एवढेच मावते. फाउंड्रीत तासाला ९० मोल्ड (ओतकामाचे साचे) काढणारी लाइन तिन्ही पाळ्यांत चालली तर दिवसाला २,१६० मोल्ड होतात, म्हणजे सोळाव्या दिवशी इंटमधला काउंट ३२,७६७ ओलांडतो आणि बहुतेक पीएलसींत तो थेट −३२,७६८ वर जातो. ‘४०,००० मोल्ड झाले की पॅटर्न (साचा ज्यावरून पाडतात तो नमुना) तपासा’ अशी अट त्या काउंटवर ठेवली असेल, तर ती कधीच पूर्ण होणार नाही. अशा ठिकाणी ३२ बिटांचा डीइंट हवा. त्याची मर्यादा दोनशे चौदा कोटींच्या पुढे आहे.

मित्सुबिशीच्या पीएलसींत डी रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायचा क्रमांकित कप्पा, १६ बिटांचे असते. डी १०० वर ३२ बिटांची सूचना (इन्स्ट्रक्शन) चालवली की डी १०१ सुद्धा त्यातच जाते. डी १०१ दुसऱ्या कोणी टायमरच्या सेटिंगला वापरले असेल, तर दोन्ही आकडे एकमेकांना पुसत राहतात आणि दोष सेन्सरवर ढकलला जातो.

अ‍ॅनालॉग, म्हणजे सलग कमी-जास्त होणाऱ्या, सिग्नलचे गणित आणखी फसवे. सिमेन्सच्या मॉड्यूलमध्ये ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल ० ते २७,६४८ असा वाचला जातो. भट्टीवरच्या पायरोमीटरची (दुरून तापमान मोजणारे उपकरण) रेंज ८०० ते १,८०० अंश सेल्सिअस धरली, तर १२ मिलिअँपिअरला आकडा १३,८२४ येतो आणि तापमान १,३०० अंश. पण पूर्णांकांत आधी २७,६४८ ने भागले तर उत्तर शून्य येते आणि पडद्यावर ८०० अंश दिसत राहतात. आधी १,००० ने (रेंजच्या दोन टोकांमधला फरक) गुणले तर गुणाकार इंटच्या बाहेर जातो. म्हणून आकडा आधी डीइंट किंवा रिअलमध्ये बदलून घ्यायचा.

रिअल म्हणजे ३२ बिटांचा दशांश आकडा. तो अवाढव्य संख्या साठवतो, म्हणून बेरजेसाठीही बिनधास्त वापरला जातो. खरी मेख इथेच आहे. त्यात सुमारे सातच अंक भरवशाचे असतात, म्हणून टोटल जितकी मोठी, तितकी तिची सर्वांत लहान पायरीही मोठी. दिवसाला ५,००० टन गाळप करणाऱ्या कारखान्यात दर १०० मिलिसेकंदाला साधारण ५.८ किलो ऊस पुढे सरकतो. तेवढे वजन प्रत्येक वेळी किलोंच्या रिअल टोटलमध्ये मिळवत गेलो, तर ३३,५५४ टनांनंतर ५.८ ऐवजी ४ किलो जमा होतात, ६७,१०८ टनांनंतर ८, आणि १,३४,२१७ टनांवर टोटल जागीच थांबते. ऊस चालूच असतो. उपाय सोपा आहे: किलो वेगळे जमवायचे आणि हजार झाले की डीइंटमधल्या टनांत एक वाढवायचा. जिथे सोय आहे तिथे ६४ बिटांचा एलरिअल वापरावा.

वेळेसाठी टाइम हा टाइप आहे. सिमेन्समध्ये तो मिलिसेकंदांत मोजतो आणि २४ दिवस २० तासांनंतर संपतो. मोटरचे एकूण चाललेले तास त्यात ठेवू नयेत. एकाच जातीच्या अनेक व्हेरिएबलांसाठी अ‍ॅरे, वेगवेगळ्या जातींच्या गठ्ठ्यासाठी स्ट्रक्ट.

वीज गेल्यावर काय टिकवायचे, हेही व्हेरिएबलच्या घोषणेतच (त्याचे नाव आणि टाइप लिहितो तिथे) ठरते. रिटेन लावलेले व्हेरिएबल आपला आकडा धरून ठेवते, बाकीची सुरुवातीच्या किमतीवर येतात. पाळीचा काउंट आणि रेसिपी (त्या मालासाठीची सेटिंग) रिटेनमध्ये हवीतच. सायकल कोणत्या टप्प्यावर आहे तो स्टेप नंबर मात्र सहसा ठेवू नये. लाइट आल्याबरोबर सिलिंडर अर्ध्या हालचालीतून पुढे सरकला तर जवळ उभ्या माणसाच्या हातावर बेतते. जुन्या पीएलसींत रिटेनची मेमरी बॅटरीवर चालते. गळीत हंगामानंतर पॅनेल महिनोन्महिने बंद राहते, त्यात बॅटरी उतरली की आकडे जातात, काही मॉडेलांत प्रोग्रॅमही. म्हणून मेन स्विच पाडण्यापूर्वी बॅकअप घ्यायचा आणि बॅटरी बदलायची ती पॅनेल चालू असतानाच.