दिवा विझलेला, बॅटरी उतरलेली

रावेर-सावद्याकडे मे महिन्यात केळीची गाडी भर दुपारी काढायला कोणी धजत नाही. पारा 45 च्या आसपास, माल वाटेतच पिकायचा. आबांची जुनी पिकअपही संध्याकाळी घड भरून निघते आणि तापीचा पूल येईपर्यंत हेडलाइट लागलेले असतात. नेमके तेव्हाच ते मंदावायचे, खड्डा गेला की पुन्हा उजळायचे. कधी सेल्फ नुसताच टक्क करायचा. सकाळी गॅरेजात मीटर लावला की 14.1 व्होल्ट, म्हणजे चार्जिंग ठणठणीत! "काय भो, हिला रातआंधळेपणा झाला का?" आबा विचारायचे.

पहिला आळ अर्थातच उन्हावर. आपल्याकडे ताप आला तरी ऊन, पंप जळाला तरी ऊन. त्यात तथ्य नाही असं नाही. तांब्याचा विद्युत रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो. डायनामोतली गुंडाळी 60 अंशांनी तापली, की तिचा रोध जवळजवळ चौथाईने चढतो आणि वीज कमी निघते. (डायनामो म्हणायची आपली सवय, आत असतो अल्टरनेटर. त्यात उलटसुलट वाहणारी वीज तयार होते आणि डायोड तिला एका दिशेला वळवतात.) पण गुंडाळी हळूहळू तापते. खड्ड्यागणिक ती तापत नाही आणि निवतही नाही.

मग नवी बॅटरी झाली. पंधरवड्यात तीही उतरली.

सगळ्यांना चकवत होता तो डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा. तो कधी लागलाच नाही, म्हणून डायनामो निर्दोष, एवढंच सगळे धरून चालले. या दिव्याच्या एका टोकाला बॅटरीचा प्लस असतो, दुसऱ्या टोकाला डायनामोचा. दोन्हीकडे व्होल्टेज सारखं झालं की दिव्यातून वीज वाहत नाही आणि तो विझतो. म्हणजे तो पाहतो फक्त प्लसच्या बाजूला. मायनसकडे काय चाललंय, हे त्याच्या गावीही नसतं.

आणि मायनसचा रस्ता मोठा विचित्र असतो. डायनामोचं मायनस म्हणजे त्याचं धातूचं अंग, ते इंजिनाला बोल्टने आवळलेलं. इंजिन मात्र रबरी गाद्यांवर बसलेलं, आणि रबरातून वीज जात नाही. बॅटरीचं मायनस जोडलेलं चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला. म्हणून इंजिनापासून चासीपर्यंत तांब्याच्या तारांची एक विणलेली पट्टी लावतात. गॅरेजात तिला अर्थिंग म्हणतात.

शेवटी मीटरच्या वायरी लांबवून केबिनमध्ये घेतल्या आणि माल भरलेल्या गाडीत मीच बसलो. हेडलाइट, वायपर, पंखा सगळं चालू. सुमारे 30 अँपिअरचा भार. चढाला डायनामोवर 14.1, बॅटरीवर 12.6. मधले दीड व्होल्ट गेले कुठे? मीटरचं एक टोक डायनामोच्या अंगाला, दुसरं बॅटरीच्या मायनसला लावलं. तेच दीड व्होल्ट तिथे सापडले. दीड भागिले तीस म्हणजे 0.05 ओहम. गाडी उभी असताना साध्या मीटरला एवढा रोध धड दिसतही नाही. मोठा प्रवाह वाहू लागला की मात्र तो बॅटरीच्या तोंडचा घास काढतो. 12.6 व्होल्टवर बॅटरी भरत नाही, जेमतेम टिकते.

पट्टी काढली तेव्हा बोल्टाखाली हिरवट बुरशीसारखा थर होता आणि निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या. गाडी उभी असली की तुटकी टोकं एकमेकांना टेकून राहत. चढाला इंजिन पिळलं, की ती सुटत.

यात एक जुनी चाचणी कोणी केली नाही, हे नशीब. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर उपटायची, गाडी बंद नाही पडली तर डायनामो चांगला! त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळतं आणि चांगले डायोडही जाऊ शकतात.

पट्टी बदलताना आबांना आठवलं, मागच्या वर्षी अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलचं आतलं प्लास्टिक वितळलं होतं. तेव्हाही दोष उन्हालाच दिला होता. पण ती केबलही इंजिनापासून चासीकडे जाणारी धातूची तारच. पट्टीतून वाट मिळेना, तेव्हा वीज तिच्यातून जात होती.